अजिंक्यताऱ्यावरचे १०८ नमस्कार

साताऱ्यात नुसतं ‘किल्ल्यावर जातो’ म्हटलं की कुठला किल्ला ते कुणी विचारत नाही. अजिंक्यतारा गावाच्या माथ्यावरच उभा आहे. पहाटे पाचपासून त्याच्या वाटेवर माणसं असतात. कुणी वाटेवरच्या ‘चार भिंती’ नावाच्या स्मारकापर्यंत जाऊन परततं, कुणी वर मंगळाईचं दर्शन घेऊन उतरतं, आणि भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तर चढावरही पळतच असतात. मी जन्माने सातारकर, पण निवृत्त होईपर्यंत ह्यांतली कधीच नव्हते. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातली नोकरी, सासूबाईंचं दुखणं, मुलांचे डबे. माझी पहाट कायम स्वयंपाकघरातच उजाडायची.

किल्ल्यावर नेलं ते शेजारच्या सिस्टरने. ती नर्स आहे, रात्रपाळ्या करते, तरी तिचा पहाटेचा नेम चुकत नाही. दिवाळी झाली की किल्ल्यावर एक गट सूर्यनमस्कार सुरू करतो, आठवड्याआठवड्याला वाढवत नेतो आणि रथसप्तमीला १०८ घालतो, असं तिने सांगितलं. मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. “काकू, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. रथसप्तमीपर्यंत या, पुढचं पुढं बघू,” एवढंच ती म्हणाली.

त्याच सुमारास आम्ही दोघांनी मृत्युपत्र केलं होतं. ह्यांच्या एका मित्राच्या घरात वाटणीवरून भावाभावांचं बोलणं बंद झालं, तेव्हा ह्यांनी मनावर घेतलं. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वकिलांनी सगळं नीट विचारून घेतलं. राहतं घर, गावाकडची जमीन, ठेवी, दागिने. मुलाला हे, मुलीला ते. आमचं सगळं दीड पानात बसलं. वकिलांनी “आणखी काही?” असं विचारलं आणि आम्ही दोघांनीही “नाही” म्हटलं. ते ‘नाही’ माझ्या मनात पुढे कितीतरी दिवस घोळत राहिलं.

माझी नोकरी कागदांची होती, त्यामुळे कुठला कागद किती वर्षं जगतो ते मला पाठ आहे. कार्यालयात अभिलेखांची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, ‘क’ वर्गाचे दहा, ‘ड’ वर्गाचे एक वर्ष. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि नाश करायचा. माझ्या सह्या असलेली बहुतेक बिलं नि तपासणी टिपणं ‘क’ नाहीतर ‘ड’ मध्ये जाणारी. मी ते काम जीव ओतून केलं. शिक्षकांचे पगार, अंगणवाड्यांची देयकं, ग्रामपंचायतींचे हप्ते वेळेवर जावेत म्हणून मार्चअखेरीला रात्री नऊनऊ वाजेपर्यंत बसलेली आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण मृत्युपत्रात ते कुठे लिहिणार, आणि कुणाच्या नावे?

हे सगळं डोक्यात असताना मी चढायला लागले.

पहिले काही दिवस नुसता चढच अंगावर येत होता. काळोख, हातात बॅटरी, डोक्याला स्कार्फ, पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या. एक प्यायची आणि एक उतारावर लावलेल्या झाडांना घालायची, असा गटाचा नियम आहे. वड, कडुनिंब, करंज अशी रोपं आहेत, आणि प्रत्येकाची झाडं ठरलेली. मला मिळालेलं करंज माझ्या गुडघ्याएवढं होतं. ते ज्यांनी लावलं ते काका आता चढू शकत नाहीत. खाली चार भिंतींपाशी येऊन बसतात आणि उतरणाऱ्यांना विचारतात, “पाणी घातलं का?”

गट चालवतात ते सर. निवृत्त पीटीचे शिक्षक, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, आणि सर आम्हा सगळ्यांना, अगदी भरतीच्या पोरींनासुद्धा, अहोजाहो करतात. किल्ल्यावर एक सपाट जागा आहे, तिथे आम्ही सतरंज्या अंथरतो. आधी मान, खांदे, मनगटं, कंबर मोकळी करायची. मग नमस्कार.

सरांची पद्धत दहा अंकांची. एकला उभं राहून हात जोडायचे. दोनला कमरेत वाकून तळवे जमिनीला. तीनला एक पाय मागे, चारला दुसराही. पाचला साष्टांग, म्हणजे कपाळ, छाती, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेले, पोट मात्र उचललेलं. सहाला छाती वर, नजर आकाशाकडे. सातला कंबर वर उचलून अंगाचा डोंगर करायचा. आठला पाय पुढे, नऊला दुसरा पाय, दहाला पुन्हा सरळ. हात वर नेऊन मागे वाकण्याच्या दोन स्थिती धरून बारा अंक करणारेही पुष्कळ आहेत. सरांचं म्हणणं, “दहा नीट करा, मग बाराचं बोलू.” प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचं एक नाव. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. बारा नावं झाली की एक आवर्तन, आणि नऊ आवर्तनांचे १०८.

मला सगळ्यात जड गेला पाचवा अंक. पोट उचलून छाती टेकवायची, ते जमेना. हात थरथरायचे आणि मी धपकन खाली यायचे. सर जवळ आले, पण हात लावला नाही. म्हणाले, “ताई, आधी गुडघे टेकवा, मग छाती, मग कपाळ. घाई कुणाला आहे?” तेवढ्या एका क्रमाने फरक पडला. मनगट दुखायला लागलं तेव्हा तळव्याची बोटं फाकवून भार बोटांच्या मुळांवर घ्यायला त्यांनी शिकवलं. डावा पाय मागे नेला की पुढच्या नमस्काराला उजवा. एकाच पायाने करत राहिलं तर कंबर एका बाजूला ओढते. वर येताना श्वास आत, वाकताना बाहेर. श्वास अडला की आकडा कितीही राहिलेला असो, थांबायचं आणि शेजारच्याचं बघत बसायचं. ज्यांना खाली बसता येत नाही ते भिंतीला हात लावून करतात, आणि त्यांचेही नमस्कार मोजले जातात. ह्यावर सर फार ठाम आहेत.

गटात फळांची गाडी लावणारे एक चाचा आहेत. ते नावं म्हणत नाहीत, त्या वेळी डोळे मिटून उभे राहतात. पण एक-दोन-तीन सुरू झालं की सगळ्यात खणखणीत आवाज त्यांचा. मला त्यांच्या आवाजाची इतकी सवय झाली की ते आले नाहीत तर माझी लय बिघडते.

नमस्कार झाले की थोडं पडून राहायचं, आणि मग बैठक. बैठकीत कुणीतरी एकाने काहीतरी मांडायचं. एरवी विषय साधे असतात. उसाचा दर, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं लग्न. पण मार्गशीर्षातल्या एका पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी बोलली. तिची आजी गेली होती, दिवसकार्य आटोपून ती पहिल्यांदाच आली होती. ती म्हणाली, “आजीच्या नावावर काहीच नव्हतं. सातबाऱ्यावर नाव नाही, बँकेत खातं नाही. वारसनोंद करायला तलाठ्याकडं जायचीसुद्धा गरज पडली नाही. मग तिनं ठेवलं काय?”

मी दचकले. वकिलांसमोर बसून मी जे मोजलं होतं, ते ह्या पोरीच्या आजीकडे मुळातच नव्हतं.

सरांनी तिला लगेच उत्तर दिलं नाही. प्रत्येकाने सांगावं म्हणाले, की आपल्याकडे आजोबा-आजी, आईबाप ह्यांचं असं काय आलंय जे कुठल्याच कागदावर नाही. चाचा म्हणाले, त्यांचे वडील रोज सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी तराजूची दोन्ही पारडी फडक्याने पुसायचे. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, तरी हात आपोआप फडक्याकडे जातो. कोरेगावकडचे एक शेतकरी दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या आजोबांनी सोसायटीचं कर्ज ठेवलं. वडलांनी फेडलं, त्यात माझं शिक्षण गेलं. खोटं कशाला सांगू?” थोड्या वेळाने त्यांनीच जोड दिली, “बांधावरचे आंबे पण त्यांचेच. पोरं अजून खातात.” सिस्टर म्हणाली, “आईने मला पाण्याची भीती दिली. तिची बहीण विहिरीत गेली होती. म्हणून मी माझ्या मुलीला शाळेत घालायच्या आधी पोहायला घातलं.” शेतकरी दादांचं आणि सिस्टरचं ऐकून मला फार बरं वाटलं. वारसा म्हटलं की आपण चांगलंचुंगलंच सांगतो. पण माणसं कर्जही ठेवून जातात, भीतीही ठेवून जातात, आणि ते घेऊन पुढच्यांनी काय केलं तेही त्याच हिशोबात धरायला हवं.

माझी पाळी आली तेव्हा मी वडिलांची वही सांगितली. ते पोस्टात होते. रोज रात्री चार ओळी का होईना, खर्च लिहायचे. मी तेच करत आले, नोकरीतही आणि घरातही. त्या मुलीच्या आजीचं शेवटी तिनेच सांगितलं. पहाटे तीनला उठवून आजी तिच्यासोबत अंगणात कंदील घेऊन बसायची, ही अभ्यास करायची आणि आजी वाती वळायची. आजीला अक्षरओळख नव्हती.

सर शेवटी बोलले. ते मूळचे माण तालुक्यातले, दुष्काळी भागातले. शाळेत त्यांना जे पीटीचे गुरुजी होते ते औंध संस्थानात शिकलेले. तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. गुरुजींनी तो दहा अंकांचा नमस्कार तिथून आणला आणि माणच्या पोरांच्या अंगी लावला. “मी तुम्हाला जे सांगतो त्यातला एकही अंक माझा नाही,” सर म्हणाले. “मी फक्त मधे आहे.”

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोन गाड्या करून औंधला गेलो. साताऱ्याहून रहिमतपूरवरून रस्ता आहे. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली भवानरावांनी उभारलेलं श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प आहे. खटावसारख्या कोरड्या तालुक्यात एका छोट्या संस्थानिकाने हे गोळा करून ठेवावं, ह्याने मी भारावून गेले. संस्थान ते केवढं, तर बहात्तर गावांचं, तीही सलग नाहीत, सातारा-सांगली-सोलापुरात विखुरलेली. ह्याच माणसाने १९१० साली कुंडलजवळची माळरानं लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ह्यानेच १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती सत्ता देणारी राज्यघटना मान्य केली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करता येईल अशी खुली वसाहत सुरू झाली. आणि हा माणूस रोज पहाटे नमस्कार घालायचा. तरुणपणी त्याने युजीन सँडो ह्या युरोपातल्या शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम केला होता, मग नमस्काराकडे वळला आणि पुढे आयुष्यभर तोच धरला. १९३८ साली लंडनमध्ये त्याचं नमस्कारावरचं पुस्तक इंग्रजीतून निघालं, त्याच्या नावातसुद्धा दहा अंक आहेत.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. १९५१ साली भवानराव गेले. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून मी शेतकरी दादांना विचारलं, तुम्ही शाळेत असताना भवानरावांचं नाव ऐकलं होतं का? ते म्हणाले, “नाव न्हाई बा. पण शाळेत शनिवारी नमस्कार असायचे.” मला त्या वाक्याने जे दिलं ते सांगायलाच मी हे लिहायला घेतलं. राजाचं नाव माहीत नसलेल्या माणसाच्या पाठीत, खांद्यांत, मनगटांत राजाने लावलेली गोष्ट जशीच्या तशी होती. नाव गळून पडलं तरी गोष्ट पोचली. आणि मधे जे गुरुजी होते, ज्यांचं नाव आज सरांशिवाय कुणाला ठाऊक नसेल, त्यांच्यावाचून ती पोचलीच नसती.

मग मला माझ्या कागदांचंही वाईट वाटेनासं झालं. बिल ‘ड’ वर्गात गेलं तरी त्यातून झालेला पगार एका बाईंच्या घरात गेला, त्यातून कुणाची फी भरली गेली. तो कागद टिकण्यासाठी नव्हताच.

पौष सरता सरता आम्ही सात आवर्तनांवर आलो. थंडी कडक होती. सतरंज्या दवाने ओल्या व्हायच्या म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद घालायला लागलो. माझे गुडघे दुखायचे थांबले असं मी म्हणणार नाही, पण जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. झोप लवकर येते. ह्यांनी माझ्याबरोबर यायचं कबूल केलं नाही, मात्र मी परत येईपर्यंत चहाचं आधण ठेवलेलं असतं.

रथसप्तमीला सर म्हणाले, प्रत्येक आवर्तनाला वेगळ्याने अंक द्यायचे. सहावं आवर्तन माझ्याकडे आलं. अंक देणं म्हणजे नुसतं मोजणं नाही, हे तोंड उघडल्यावर कळलं. सगळ्यात हळू श्वास असलेल्या माणसाकडे बघून पुढचा अंक सोडायचा असतो. भिंतीला धरून करणाऱ्या आजींचा पाय जागेवर आल्याशिवाय चार म्हणायचं नाही, आणि तेवढ्यात भरतीच्या पोरी ताटकळता कामा नयेत. माझे स्वतःचे नमस्कार त्या आवर्तनात कसे झाले ते मला आठवत नाही. सगळं लक्ष इतरांच्या पाठींवर होतं. प्रत्येक आवर्तनाला एक चिंचोका ताटलीत टाकायचा अशी मोजणी असते. नववा पडला तेव्हा जरंड्याच्या डोंगराच्या उजवीकडून सूर्य चांगला वर आला होता. चाचांनी गाडीवरची बोरं आणली होती, ती वाटली. घरी जाऊन मी अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घातलं, दरवर्षीसारखं.

एवढ्यावर थांबायचं ठरलं होतं, पण बैठकीत सरांनी सांगितलं की त्यांना आता चढ झेपत नाही. आठवड्यातून दोनदाच येतील, बाकीच्या दिवशी अंक सिस्टर आणि मी द्यायचे. कुणी रडलं-बिडलं नाही. त्यांनी खिशातून एक डायरी काढली. त्यात गटात येऊन गेलेल्या प्रत्येकाचं दुखणं लिहिलेलं होतं. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाला रक्तदाब, कुणाला वाकल्यावर चक्कर. ती त्यांनी माझ्याकडे दिली, कारण “हिशोबाची सवय तुम्हाला आहे.” मी त्या डायरीत रोज लिहिते. नव्या आलेल्या दोन जावांपैकी धाकटीला पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला पाचवा अंक मी देत नाही, चारवरून सरळ सातवर नेते.

आणि शनिवारी आता शाळा आहे. आमच्या पेठेतल्या नगरपालिकेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंना सिस्टरने गाठलं. सकाळच्या शाळेआधी सातवीच्या मुलींना अर्धा तास. पोरींना सगळं भराभरा हवं असतं. मी सावकाश अंक दिले की त्या कुरकुरतात, म्हणून शेवटचं आवर्तन त्यांच्यातल्याच एकीने तिच्या वेगाने द्यायचं असं ठरवलंय. पहिल्याच शनिवारी त्या मुलीने सहाच्या ऐवजी सात म्हटलं, सगळ्या गोंधळल्या, आणि तिने स्वतःच थांबवून पुन्हा पाचपासून घेतलं. मी मधे पडले नाही.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “आई, मृत्युपत्राची प्रत पाठवलीस, ह्याचा व्हिडिओ पण पाठव, मला दहा अंक शिकायचेत.” पाठवला. तिची पाच वर्षांची लेक आता दोनच्या अंकाला वाकून पायांच्या मधून मागे बघते म्हणे.

पुढच्या शनिवारपासून सहावीची तुकडीही येणार आहे. त्यासाठी सतरंज्या कमी पडतात. कुणाकडे कार्यातल्या जुन्या, धुतलेल्या सतरंज्या असतील तर किल्ल्यावर पहाटे साडेपाचला आणून दिल्या तरी चालेल. येताना झाडांसाठी पाण्याची एक बाटली आणावी.